दोन्ही म्हशी खाली होत्या

आपल्याच म्हशीची धार काढायला दुसऱ्याच्या फाटकाशी उभं राहायचं असेल, तर बादली कशी धरावी हे नीळकंठ मोहित्याला काही केल्या उमगत नव्हतं. उजव्या हातात लटकवली तर रतीब घालायला आल्यासारखं दिसायचं, डाव्या हातात धरली तर मागायला आल्यासारखं. म्हणून तो ती पोटाशी कवटाळून उभा राहायचा. त्यामुळे तो बादली चोरून नेत असल्यासारखा दिसायचा, पण निदान माणूस घाईत आहे असं वाटायचं.

"कौन?" आतून श्यामनं विचारलं.

"तुझा बाप."

"बाप कल भी आया था."

"उद्या पण येईल. उघड."

श्याम त्या पशुआश्रयाचा राखणदार. त्यानं कडी काढली, पण फाटक पुरतं उघडलं नाही. माणूस आडवा होऊन शिरेल एवढीच फट ठेवली. हे तो रोज मुद्दाम करायचा. नीळकंठ पोट आत ओढून, बादली डोक्यावर धरून फटीतून आत शिरायचा. साठीच्या माणसाला रोज सकाळी हा एक व्यायाम होता.

आत पत्र्याच्या छपराखाली त्याच्या दोन म्हशी बांधलेल्या होत्या. भुरी गरीब. तिच्या सडाला कोणीही हात लावला तरी ती पाझरायची. श्यामनं लावला तरी. पण जमना म्हणजे नीळकंठाच्या घरातली सगळ्यांत मानी बाई. तिचं रेडकू फाल्गुनातच गेलं होतं. तेव्हापासून ती फक्त नीळकंठाच्या नाहीतर त्याच्या बायकोच्या, सुधाच्या, हाताला पान्हा सोडायची. आश्रयातल्या पोरांनी पहिल्या दिवशी प्रयत्न केला होता. एकाच्या मांडीवर त्याची खूण होती.

नीळकंठ उकिडवा बसला, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, कास पाण्यानं धुतली, बोटांना तेल लावलं. "चल बाई," तो म्हणाला. जमनेनं एक उसासा टाकला आणि सोडलं. धारा बादलीत वाजायला लागल्या. तिच्या उजव्या गुडघ्यावरची खरचटलेली जागा आता वाळून काळी पडली होती. तिच्याकडे बघायचं तो टाळायचा.

बादली भरली की श्याम ती घेऊन जायचा. दूध आश्रयाचं. नीळकंठाला रिकामी बादली परत मिळायची, तीही न विसळलेली.

"एक घोट पण नाही का देत रे मालकाला?"

"मालिक कौन है, वो तो केस में पता चलेगा," श्याम म्हणायचा आणि पुन्हा तेवढीच फट उघडायचा.

*

हे सगळं मे महिन्यात सुरू झालं होतं, ऊन डोक्यात शिरतं तेव्हा.

मोहित्यांचा गोठा भोपाळबाहेर, मिसरोदच्या पुढे. नीळकंठाचा आजा ग्वाल्हेरहून आला तेव्हा तिथं पळसाचं रान होतं. आता तिन्ही बाजूंनी वसाहती उठल्या होत्या आणि प्रत्येक वसाहतीच्या नावात हिरवळ, बाग किंवा नदी होती. पाणी मात्र कुठेच नव्हतं. मोहित्यांची विहीर दर उन्हाळ्यात तळाला जायची. म्हणून दर मे महिन्यात तीनपैकी दोन म्हशी सुधाच्या माहेरी, बेतवा नदीच्या काठी धाडायच्या आणि पाऊस लागला की आणायच्या, असा रिवाज होता. तिथं म्हशी दिवसभर पाण्यात नाकपुड्या तेवढ्या बाहेर ठेवून बसायच्या. सुधा म्हणायची, माझ्यापेक्षा ह्यांचंच माहेरपण जास्त होतं.

पूर्वी चालवत न्यायचे. आता रस्ता सहापदरी झाला, म्हणून छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, सांगायचा. त्याचा चालक करोंदच्या मंडीत माल ओढायचा. सकाळी गाडी मोकळी नसायची. तो आला भर दुपारी. नीळकंठाला वाटलं, तासाभराचं तर काम. गाडीच्या तळाला पेंढा टाकायलाही तो विसरला. विसरला असं तो म्हणायचा. सुधाच्या मते कंटाळला होता. जमना तापलेल्या पत्र्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. तिला मागून रेटली, ती घसरली आणि गुडघा फुटला.

आणि हे सगळं सुचेताबाईंनी आपल्या गच्चीवरून पाहिलं.

सुचेताबाई मोहित्यांच्याच दुधावरच्या. नवरा बरखेड्याच्या कारखान्यात अभियंता होता तेव्हापासून त्यांच्याकडे ह्या गोठ्याचं दूध जायचं. निवृत्तीनंतर त्यांनी घर घेतलं ते नेमकं गोठ्याच्या पाठीला. आल्या आल्या त्यांना शेणाचा वास आला, मग जनावरांची दया आली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दिल्लीत त्या वेळी जनावरांच्या वाहतुकीच्या नव्या नियमांचा मसुदा निघाला होता. एका जनावराला किती जागा, उतारफळीला किती चढ, किती तासांनी पाणी, दुपारी वाहतूक करायची की नाही, गाभण जनावर न्यायचं की नाही. नियम अजून झाले नव्हते, संसदेसमोर पडून होते. पण सुचेताबाई लोकांना ते आधीच पाळायला लावत होत्या.

त्या स्कूटरवरून छोट्या हत्तीच्या मागे लागल्या आणि नाक्यावर हवालदाराला घेऊन आडव्या आल्या.

"नीळकंठराव, लाज नाही वाटत? ती गाभण आहे!"

"कोण गाभण? जमना? तिचं पोटच तसं आहे, बाई. तुमच्यापेक्षा मला जास्त मालूम."

पोटाच्या गोष्टीत मला कशाला आणलंत, म्हणून बाई अधिकच भडकल्या. सरकारी डॉक्टर आला, त्यानं कोपरापर्यंत हात घालून दोन्ही म्हशी तपासल्या आणि जाहीर केलं, "दोनों खाली हैं." म्हणजे पोटात काही नाही, गाभण नाहीत. दूधवाल्यांच्या आळीत हा रोजचा शब्द. म्हैस भरलेली तरी असते, नाहीतर खाली. नीळकंठानं सुटकेचा श्वास सोडला. पण गुडघा होता, पेंढा नव्हता, दुपार होती. तेवढ्यावर म्हशी पशुआश्रयात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचेताबाईंची दुधाची किटली नेहमीप्रमाणे त्यांच्या फाटकाला अडकवलेली होती.

"आता हिला दूध घालायचं?" सुधानं विचारलं.

नीळकंठाची सून संपदा सांगलीकडची, बोलायला चोख. नवरा मंडीदीपला कारखान्यात पाळीवर, म्हणून रतिबाचं सगळं तीच बघायची. ती म्हणाली, "घालायचं, आत्या. आणि आजपासून तिच्या दुधात पाणी घालायचं नाही. शत्रूला कारण द्यायचं नाही."

*

दूध संघाचा सुधाकर मोटारसायकलवरून आला तो बातमी घेऊनच. तो स्वतः म्हशी पाळत नसे. पाळणाऱ्यांचं नेतृत्व करी. भोपाळातच जन्मलेला, आणि बोलताना समोर माणूस असो वा खांब, सभेला बोलावं तसं बोलायचा.

"मोहिते, तुमचं नशीब फळफळलं! दिल्लीहून संसदेची समिती येऊन राहिली. नव्या नियमांची छाननी करायला. त्या लोकांना गरीब पशुपालक पाहिजे, एकदम ताजा."

"ताजा म्हणजे?"

"मतलब, ज्याच्यावर अन्याय आत्ताच झालाय. तुमच्याशिवाय आहे कोण?" त्यानं खाटेवर बैठक मारली. "तिथं आमनेसामने बोलायचं. खासदाराचा एक शब्द गेला की दोन्ही म्हशी दारात. मी सांगतो ना."

"आणि ती बाई?"

"ती पण येणार. इंग्रजीत बोलणार. बोलू द्या. तुम्ही हिंदीत बोला, आडवं-तिडवं काही नको. सगळ्यात आधी हे सांगा की म्हशी गाभण नव्हत्या. त्या लोकांना गाभणचीच सगळ्यात जास्त फिकर आहे. पहिला बॉल तोच मारायचा."

संपदा चहा घेऊन आली. "मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "मी येते बरोबर. तिथं काय विचारतील, कसं विचारतील."

"एकालाच पास आहे," सुधाकर म्हणाला. "आणि एक मला."

"मग तुमचा मला द्या."

सुधाकर हसला. चहा मात्र त्यानं बशीत ओतून गडबडीनं संपवला.

समितीच्या आदल्या दिवशी नीळकंठानं जमनेची धार काढता काढता तिला सगळं हिंदी भाषण म्हणून दाखवलं. ती रवंथ करत राहिली. श्याम मात्र छपराच्या खांबाला टेकून ऐकत होता. "अच्छा बोलते हो," तो म्हणाला. "भैंस को तो नींद आ गई."

*

सरकारी विश्रामगृहाच्या त्या खोलीत एवढा गारवा होता की नीळकंठाच्या अंगावरचा घाम सदऱ्यातच थिजला. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, प्रत्येकापुढे एक ध्वनिक्षेपक. कळ दाबली की त्यावर लाल दिवा लागायचा. मधोमध अध्यक्ष, दक्षिणेकडचे. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि हे ते हसून मान्य करत होते. एक बाई सदस्य होत्या, त्या पूर्ण वेळ शालीत होत्या. अध्यक्षांच्या उजव्या हाताला महाराष्ट्रातले एक खासदार होते, पांढराशुभ्र सदरा, सोनेरी काडीचा चष्मा.

उतारफळीवर पाऊण तास चर्चा झाली. तिचा कोन किती असावा यावर दोन सदस्यांचं भांडण झालं. दोघांनीही आयुष्यात म्हैस चढवलेली नव्हती, त्यामुळे भांडण रंगलं. मग सुचेताबाई उठल्या. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. जमनेचा गुडघा भिंतभर मोठा झाला. रक्त, केस, त्यात चिकटलेली धूळ. नीळकंठानं धार काढताना इतके दिवस टाळलेला तो गुडघा आता खोलीत कुठेही बघितलं तरी दिसत होता. त्याला शरम वाटली आणि शरम वाटल्याचा राग आला.

"श्री. नीळकंठ मोहिते," कोणीतरी पुकारलं.

खासदारांनी मान वर केली. "मोहिते? मराठी का?"

"हो साहेब. आमचे आजोबा ग्वाल्हेरहून..."

"अरे वा! मग हिंदीत कशाला बोलता? आपल्या भाषेत बोला, मोकळेपणी. मी सांगतो ह्यांना इंग्रजीत."

नीळकंठाचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांत त्याच्याशी कोणी सरळ बोललंच नव्हतं. पाठ केलेली सगळी हिंदी त्यानं गिळून टाकली. बाजूला बसलेल्या सुधाकरनं कोपर मारलं, पण तो आता कुठला ऐकतो.

"सांगा," खासदार म्हणाले, "गाडीत घातल्या तेव्हा म्हशींची अवस्था काय होती?"

पहिला बॉल. नीळकंठ खाकरला.

"दोन्ही म्हशी खाली होत्या, साहेब."

"खाली?"

"एकदम खाली. सरकारी डाक्टरनं पण बघितलं. लिहून दिलंय त्यानं."

खासदारांनी चष्मा सारखा केला. "किती वेळ खाली होत्या?"

"वेळ कसला, साहेब. जमना चार महिन्यांपासून खाली आहे. भुरी तर दिवाळीपासूनच."

शालीतल्या बाईंनी लिहायचं थांबवलं. खासदारांनी अध्यक्षांच्या कानाशी लागून इंग्रजीत काही सांगितलं. अध्यक्षांचं हसू गेलं.

"चार महिने," खासदार हळूच म्हणाले. "आणि तुम्ही काहीच केलं नाही?"

"केलं ना! दोन वेळा रेड्याकडे नेली. नाही जमलं."

"रेड्याकडे? ओढून उठवायला?"

साहेब शहरातले दिसतात, नीळकंठाला वाटलं. त्यानं शालीतल्या बाईंकडे पाहून आवाज खाली आणला. "आता बायामाणसांपुढे कसं सांगू, साहेब. रेडा त्याच्या पद्धतीनं करतो."

कोणीतरी पाण्याची बाटली उघडली. खासदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे ओले झाले असावेत असं नीळकंठाला वाटलं. आपल्या माणसाला आपल्या माणसाचं दुःख कळतं, तो मनात म्हणाला.

"आणि अशा खाली असलेल्या म्हशी तुम्ही गाडीत घातल्या?"

"खाली होत्या म्हणूनच तर घातल्या! नसत्या तर मी हात लावला असता का? पाप आहे ते, साहेब. आमच्या घरात चालत नाही."

समोरच्या बाजूला एक लाल दिवा लागला. सुचेताबाईंचा. नीळकंठानं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंचं बोट कळीवर होतं, तोंड अर्धवट उघडं. अध्यक्षांनी विचारलं, काही सांगायचंय का? बाईंनी भिंतीवरच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. दिवा विझला.

घाबरली, नीळकंठाला वाटलं.

निघताना खासदारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं बोललात, नीळकंठराव. तुमच्यासारखं खरं बोलायला काळीज लागतं."

"तुमच्यासारखे ऐकणारे पाहिजेत," नीळकंठ म्हणाला आणि बाहेरच्या भट्टीत असा उतरला, जणू बेतव्यात उतरतोय.

*

घरी त्यानं सगळं शब्दन् शब्द सांगितलं. स्वतःचं बोलणं स्वतःच्या आवाजात, खासदाराचं नाकात. सुधानं पदरानं डोळे टिपले. संपदा भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात परातीतच राहिला.

"मामा, 'खाली' म्हणालात?"

"मग काय म्हणू?"

"गाभण नव्हत्या म्हणायचं. रिकाम्या म्हणायचं. अहो, तिकडे महाराष्ट्रात खाली म्हणजे खाली. जमिनीवर. पडलेल्या."

चुलीवर तवा तापून धूर निघाला. कोणी उठलं नाही.

"चार महिने?" नीळकंठानं विचारलं.

"चार महिने."

"आणि रेडा?"

संपदानं पिठाचा हात तसाच तोंडावर दाबला. ती हसतेय की रडतेय हे सुधाला कळेना, म्हणून तिनं दोन्हीसाठी एकच रागाची नजर टाकली.

"पण तिथं ती होती की!" नीळकंठ एकदम उठला. "ती सुचेता! तिला तीस वर्षं झाली भोपाळात. तिला खाली मालूम नाही? तिनं दिवा लावला होता. लाल दिवा!"

तेवढ्यात सुधाकरचा फोन आला. खासदारसाहेबांनी जाण्यापूर्वी अधिकाऱ्यांना सांगितलं होतं: चौकशी होईपर्यंत मालकाला किंवा त्याच्या घरच्यांना जनावरांच्या जवळपासही फिरकू देऊ नका. "आणि मोहिते," सुधाकर शेवटी म्हणाला, "संघ अशा क्रौर्याच्या पाठीशी नाही."

"अरे तुला तर खाली समजतं ना, गाढवा?"

"मला समजून काय उपयोग? त्या लोकांना काय समजलं ते बघा." फोन बंद झाला.

सकाळी श्यामनं फाटकाची फटही उघडली नाही. "ऑर्डर है, बाबूजी." तो पहिल्यांदाच बाबूजी म्हणाला आणि ते नीळकंठाला शिवीहून वाईट लागलं. आतून जमना हंबरत होती. रेडकासाठी नाही, भुकेनं नाही. कास तटतटली की ती जशी हंबरायची तशी. नीळकंठ फाटकाशी ऊन चढेपर्यंत बसून राहिला. मग रिकामी बादली मोटारसायकलला अडकवून परत आला. ती वाटभर वाजत राहिली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सुचेताबाई स्वतः आल्या. चालत. छत्री न घेता. दारात उभ्या राहिल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"नीळकंठराव, चला. जमना कोणाला हात लावू देत नाहीये. पोरांनी पाय बांधून काढायचा प्रयत्न केला, तर तिनं सगळी धार चोरून धरली. कास दगडासारखी झालीय. मी श्यामशी बोलते, तो सोडेल तुम्हाला."

नीळकंठ खाटेवर दोरी वळत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"ऑर्डर आहे, बाई. मी क्रूर माणूस आहे."

"हे बघा, ही वेळ नाही..."

"चार महिने म्हैस पाडून ठेवणारा माणूस आहे मी. मला काय विचारता?"

"तुम्ही 'खाली' म्हणालात, त्याला मी काय करू?"

"तुम्हाला कळलं होतं की नाही, तेवढं सांगा."

सुधा आतून उंबऱ्यावर आली. संपदा तिच्यामागे.

"मला कळलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तीस वर्षं आमचं दूध पिता," सुधा म्हणाली. "पाच वेळा तुम्हाला सांगितलंय मी, आज दूध कमी आहे, म्हैस भरलेली आहे. तेव्हा काय समजत होता, पोतं?"

बाईंनी पदरानं मानेवरचा घाम पुसला. मग एकदम ताठ झाल्या. "कळलं होतं. आणि मी बोलले नाही. तो गुडघा मी पाहिलाय. तुम्ही तिला मागून काठीनं रेटलीत, तेही पाहिलंय. तुमच्या तोंडून खरं निघणार नव्हतं, तर खोटं का होईना निघालं, असं वाटलं मला."

"मग आता समितीलाच बोलवा धार काढायला," नीळकंठ म्हणाला. "उतारफळीचा कोन ठरवणारे येतील. ह्या घरातलं कोणी जाणार नाही."

"ती तुमची म्हैस आहे!"

"केसमध्ये ठरेल ते."

बाई वळून चालत गेल्या. नीळकंठ दोरी वळत राहिला. त्याला वाटलं होतं, आतून शाबासकी येईल. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला. रात्री त्याला ताटात भाकरी वाढली गेली, बोलणं वाढलं गेलं नाही.

सकाळी गोठ्यातली उरलेली म्हैस पिळून तो आत आला तर सुधा नव्हती. बादली नव्हती. तेलाची बाटलीही नव्हती.

"कुठे गेली?"

"जिथं तुम्ही काल जायला हवं होतं तिथं," संपदा म्हणाली. "रिक्षानं."

*

पशुआश्रयाचं फाटक सताड उघडं होतं. श्याम बाजूला झाला. नीळकंठाला पहिल्यांदाच सरळ चालत आत जाता आलं आणि ते त्याला जड गेलं.

छपराखाली सुधा उकिडवी बसली होती, कपाळ जमनेच्या कुशीत. सुचेताबाई बाजूला गरम पाण्याची बादली आणि फडकं घेऊन उभ्या. जमनेनं मागचे पाय फाकवलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ. कासेवर हात ठेवला तर चटका बसावा इतकी ती तापली होती. डॉक्टर सुई देऊन हात धूत होता.

"तीन सड वाचतील," तो मराठी-हिंदीच्या अधल्यामधल्या भाषेत म्हणाला. "ये वाला गेला."

सुधानं तो सड दाबून दाखवला. पांढऱ्या गुठळ्या आल्या, मग पाणी, मग रक्ताची एक रेघ. नीळकंठानं तिथंच जमिनीवर बसकण मारली. ज्या सडाची धार बादलीत सगळ्यात आधी वाजायची, तो हाच.

"मी काल रात्री त्या खासदारांना फोन लावला," सुचेताबाई म्हणाल्या. "सगळं सांगितलं. शब्द कसा फिरला ते. ते म्हणाले, साक्ष आता नोंदली गेली, ती निघत नाही. पण म्हशी सोडायला सांगतो. संध्याकाळी घेऊन जा दोन्ही."

"काल रात्री."

"हो."

"त्या दिवशी दिवा लावला होता तुम्ही. बोट होतं कळीवर. एक शब्द बोलला असता तर हा सड गेला नसता."

"आणि मी काल दुपारी तुमच्या दारात आले होते, उन्हात, पाया पडायचं तेवढं बाकी होतं! तेव्हा उठला असतात तर?"

"मी का उठू? माझं नाव दिल्लीत रेड्याबरोबर पोचवलंत तुम्ही!"

"पेंढा टाकला असता गाडीत तर दिल्ली आलीच नसती!"

"गच्चीवरून दया करता! खाली येऊन मूठभर पेंढा टाकला असता तर हात झडले असते का?"

"आवाज चढवू नका!"

"हा माझ्या म्हशीचा..."

जमनेनं शेपूट फटकारली आणि पाय उचलला. बादली लवंडता लवंडता सुधानं धरली. तिनं कपाळ न उचलताच आवाज टाकला.

"बाहेर व्हा. दोघंही. काय भांडायचं ते फाटकाबाहेर भांडा. ती चोरून धरतीये सगळं. तुमचा आवाज ऐकला की तिची शीर आखडते."

"अगं, पण मी..."

"तुम्ही आधी."

नीळकंठ उठला. सुचेताबाईंनी फडकं बादलीच्या काठावर टाकलं. दोघं एकमेकांच्या अंगाला अंग लागणार नाही अशा बेतानं चालत फाटकाबाहेर आले. श्यामनं त्यांच्यामागे हळूच फाटक ओढून घेतलं.

बाहेर रखरखाट होता. रस्त्याच्या कडेला एक लिंब होता, त्याची सावली खाटेएवढी. नीळकंठ तिकडे वळला, तर बाईही तिकडेच वळलेल्या दिसल्या. तो थांबला. बाईही थांबल्या. मग तो फाटकाच्या ह्या खांबाशी उन्हात उभा राहिला, बाई त्या खांबाशी उन्हात उभ्या राहिल्या. डांबर पाझरत होतं. वाऱ्याची झळ आली की दोघांचेही डोळे बारीक व्हायचे. सावली मधे तशीच पडून होती.

आत बराच वेळ काही वाजलं नाही. मग सुधाचं "चल बाई, चल गं" असं पुटपुटणं ऐकू आलं, आणि बादलीच्या तळावर एक धार टणकन वाजली. थांबली. पुन्हा वाजली.

दोघांच्याही माना एकदमच फाटकाकडे फिरल्या. दुसऱ्यानं आपल्याला बघितलं हे दोघांनाही कळलं, तशा त्या माना झटक्यानं परत रस्त्याकडे गेल्या.